हात चुकला

थंडीची लाट येऊन चार दिवस झाले होते. सकाळी टाकीच्या तोटीवर गरम पाणी ओतल्याशिवाय ती फिरत नव्हती. शेडच्या दोन्ही बाजूंचे ताडपत्रीचे पडदे खाली सोडून त्यांच्या कडांवर विटा ठेवल्या होत्या, तरी फटींतून वारा शिरायचा आणि जमिनीवर पसरलेला लाकडाचा भुसा हलायचा.

शेडमध्ये पंधराशे पिल्लं होती, आठ दिवसांची. पहिला आठवडा त्यांना पत्र्याच्या गोल कड्यांमध्ये ठेवलं होतं, कारण पिल्लांना कोपरा मिळाला की ती कोपऱ्यात घुसतात. आठव्या दिवशी सकाळी काकूने ती गोल कडी काढून टाकली. पिल्लं वाढली होती, जागा पुरत नव्हती. आता छतापासून लोंबणारे आठ मोठे दिवे होते आणि त्यांच्याखाली सगळी पिल्लं मोकळी.

थोरली गुडघ्यांवर बसून त्यांच्याकडे बघत होती. खांबाला थर्मामीटर लटकवलेला होता, पण त्याच्याकडे ती शेवटी बघायची. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली की थंडी. दिव्यापासून लांब जाऊन चोची उघडून बसली की उकाडा. सांडलेल्या धान्यासारखी सगळीकडे पसरली की ठीक. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दोन तुकड्यांच्या वेळी तिने बघून ठरवलं होतं.

"किती?" दारातून आबांनी विचारलं.

"तीस. नाहीतर एकोणतीस."

"हे काय, भाजीचा भाव आहे का?"

"थर्मामीटर तीस म्हणतो. पिल्लं एकोणतीस म्हणतात."

आबा आत आले. खांबाजवळ जाऊन त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, नळीकडे बघितलं, मग पिल्लांकडे. "पिल्लांचं खरं आहे," ते म्हणाले. "हा म्हातारा झालाय." आणि दोन दिवे साखळीची एकेक कडी खाली घेऊन ते निघून गेले. एवढं बोलणंही सहा महिन्यांत दोन-तीनदाच झालं असेल.

आबा काकूचे सासरे. चौतीस वर्षं वायरमन होते. या वस्तीतली एकूण एक मोटर त्यांनी कधी ना कधी उघडली होती. मुलगा होता तेव्हा त्याच्यासाठी ही शेड त्यांनीच जोडून दिली. मुलगा जाऊन सहा वर्षं झाली, शेड सुनेने चालवली. दाराशेजारच्या बोर्डावर अकरा बटणं होती आणि एकावरही नाव नव्हतं. "नाव घालायला ते काय शाळेचं दप्तर आहे?" असं ते म्हणत. एकदा पैज लावून गिरणीवाल्याने त्यांचे डोळे उपरण्याने बांधले होते, गरागरा फिरवून बोर्डासमोर उभं केलं होतं आणि एकेक नाव पुकारलं होतं. पंखा. मोटर. दिवे. अकराच्या अकरा बरोबर. ही गोष्ट गिरणीवाला दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा.

थोरली आणि तिची धाकटी बहीण इथे आल्या तेव्हाही सांगितली होती. सहा महिन्यांपूर्वी निर्वासितांच्या छावणीचा ट्रक वस्तीत आला, शाळेत सभा झाली, ज्यांच्याकडे खोली आणि काम दोन्ही आहे त्यांनी हात वर करावा असं सांगितलं गेलं. काकूने हात वर केला. घरी परतताना आबा म्हणाले, "हात वर करायला काय जातं? उद्या गळ्यात पडल्या म्हणजे?"

"पडू देत. गळा माझा आहे."

गिरणीवाल्याने खाट दिली. कोणी गोधड्या दिल्या, कोणी घंटी नसलेली सायकल. बारा वर्षांची धाकटी त्या सायकलवरून जाताना तोंडानेच ट्रिंग ट्रिंग करायची. तिने इथली भाषा महिन्याभरात उचलली, शिव्यांसकट. आबांना ती दुसऱ्या दिवसापासून आबा म्हणू लागली. थोरली एकोणीस वर्षांची. ती त्यांना कशानेच हाक मारत नसे. समोर जाऊन उभी राहायची आणि त्यांचं लक्ष जाईपर्यंत थांबायची.

आईबापांबद्दल वस्तीतल्या बायकांनी धाकटीला एकदाच विचारलं. "घर पडलं ना, त्यात होते," ती म्हणाली आणि सायकलची चेन बसवत राहिली.

दर सहा महिन्यांनी छावणीची नोंदणीवाली बाई यायची. काकूने हमीपत्रावर सही करायची: खोली आहे, काम आहे, तक्रार नाही. सही झाली नाही तर परत छावणीत. तिथे सोळाच्या वरच्यांना एका आवारात ठेवत, खालच्यांना दुसऱ्या. दोन आवारांमध्ये चाळीस किलोमीटर अंतर होतं. पुढची सही गुरुवारी होती. आज सोमवार.

*

साडेचार वाजता काकू भुसा आणायला वखारीत निघाली. जाताना तिने थोरलीला तीन गोष्टी सांगितल्या, आणि तिसरी सांगताना पहिली पुन्हा सांगितली.

"पडदा उचलायचा नाही. पाणी कोमट. आणि पडदा उचलायचा नाही."

"हो काकू."

"मला वखारीचा टेम्पो सोडेल. सात वाजतील."

धाकटी घरात अभ्यासाला बसली होती. आबा ओसरीवर जुनी मोटर उघडून बसले होते. थोरलीने पाण्याची भांडी धुऊन भरली, ओला झालेला भुसा खरवडून काढला, मेलेलं एक पिल्लू उचलून डब्यात टाकलं. रोज एखादं मरतंच. सहाच्या सुमारास बाहेर अंधारायला लागलं. शेडमध्ये पिवळा उजेड होता आणि पिल्लं सांडलेल्या धान्यासारखी पसरलेली होती.

आवाज आधी पायांना कळला. भांड्यातलं पाणी थरथरलं. मग कानांत आला, टेकडीच्या बाजूने, खूप खालून.

थोरली दाराजवळ उभी होती. हातातली बादली तिने खाली ठेवली, टाकली नाही, आवाज न करता ठेवली. उजवा हात बोर्डावर गेला. दिव्यांचं बटण कोणतं ते तिला बघावं लागलं नाही. अंधार झाला. ती भिंतीला पाठ लावून बसली, गुडघे पोटाशी घेतले.

हेलिकॉप्टर शेडवरून गेलं. पत्रे वाजले. मग ते नदीच्या बाजूला गेलं आणि आवाज विरला.

तिच्या गावाकडे मुलांना चालायला शिकवतात त्याच वयात मोजायला शिकवत. आवाज गेला म्हणजे संपलं असं नसतं, कारण पहिल्याच्या मागून दुसरं येतं आणि ते फक्त उजेड शोधतं. म्हणून आवाज थांबल्यावर दोन हजार मोजायचे. भरभर नाही, एका लयीत. दोन हजार होईपर्यंत दिवा लावायचा नाही, चूल नाही, काडी नाही. त्यांच्या शेजारच्या घरात एका बाईने बाळाला दूध पाजायला सोळाशेवर काडी ओढली होती. ते घर थोरलीने दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं होतं.

ती मोजत होती. पिल्लं ओरडत होती. आठ दिवे एकदम गेल्यावर पंधराशे पिल्लं जशी ओरडतील तशी ओरडत होती आणि अंधारात त्यांच्या पायांखाली भुसा वाजत होता. तो आवाज एका बाजूला सरकत गेला, मागच्या कोपऱ्याकडे.

शेड काळी झालेली आबांना ओसरीवरून दिसली. घरात दिवा होता, गिरणीही सुरू होती, म्हणजे वीज गेलेली नव्हती. फ्यूज असेल म्हणून ते टेस्टर खिशात घालून, कुंपणाला धरत धरत शेडपाशी आले. हेलिकॉप्टर त्यांनीही पाहिलं होतं. विजेच्या मोठ्या तारांची पाहणी चालली होती, चार दिवसांपूर्वी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तसं लिहिलंही होतं.

दार ढकलून ते म्हणाले, "कोण आहे? दिवे का—"

पुढचं बोलता आलं नाही. कोणीतरी त्यांचा हात धरून त्यांना खाली ओढलं. कोपर सिमेंटच्या उंबऱ्यावर आपटलं. ते पालथे पडले आणि त्यांच्या पाठीवर वजन आलं. एक हात त्यांच्या तोंडावर होता, दुसरा डोक्यावर, बोटं पसरून, जणू टाळू झाकायची होती. पन्नास किलोची पोती एकटी उचलणारी मुलगी. शहात्तर वर्षांच्या माणसाने एकदा पाय झाडला.

ती त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. तिच्या भाषेतलं. एकसारखं, एका चालीत. आबांना शब्द कळत नव्हते, पण ते आकडे आहेत हे कळलं, कारण दर काही वेळाने एक शब्द पुन्हा यायचा आणि त्याच्यानंतर ती श्वास घ्यायची. तिचं काळीज त्यांच्या पाठीवर आपटत होतं. ती आपलं अंग चोरून घेत नव्हती. उलट जास्तीत जास्त पसरून त्यांच्यावर पडली होती.

पिल्लांचं ओरडणं कमी होत चाललं. ते कशामुळे कमी होतंय हे आबांना ठाऊक होतं. त्यांनी दुसऱ्यांदा पाय झाडला नाही.

दोन हजार झाले. थोरली उठली, बोर्डाकडे गेली आणि दिवे लावले. उजेडात तिने आधी आबांना पाहिलं, मग मागचा कोपरा.

कोपऱ्यात पिल्लं मांडीएवढी उंच साचली होती. वरची हलत होती.

दोघांनी हातांनी ढीग उपसला. आबा डाव्या हाताने. उजवं कोपर वळत नव्हतं. वरची पिल्लं जिवंत होती, ती दिव्यांखाली फेकायची. मधली अर्धी. खालची गरम होती आणि ओली, आणि चपटी. थोरली एकेक हातात घेऊन छातीवर बोट ठेवायची, थांबायची, बाजूला ठेवायची. बाजूला ठेवलेल्यांची रांग भिंतीपाशी लांबत गेली. ती रडत नव्हती. दात वाजत होते, इतके की आबा म्हणाले, "जीभ चावशील."

ती म्हणाली, "मी."

"बघतोय मी."

"मी बंद केले."

"हात चालव."

टेम्पोचा आवाज आला. दारात काकू भुशाचं पोतं कमरेवर घेऊन उभी राहिली. पोतं तिने खाली ठेवलं नाही, ते घसरत घसरत आपोआप खाली आलं.

"हे काय?"

थोरलीने तोंड उघडलं.

"माझा हात चुकला," आबा म्हणाले.

*

तीनशे सदतीस पिल्लं मेली. सकाळी घरामागे खड्डा खणायला गिरणीवाला कुदळ घेऊन आला. बोलावलं नव्हतं, तोच आला. धाकटीला शाळेत पाठवलं होतं. हेलिकॉप्टरच्या वेळी ती खाटेखाली जाऊन मोजत बसली होती आणि पाचशेवर तिला भूक लागली म्हणून बाहेर आली होती. हे तिने सकाळी सगळ्यांना हसत सांगितलं. कोणी हसलं नाही तेव्हा ती दप्तर उचलून निघाली.

दहा वाजता कंपनीचा माणूस आला. पिल्लं कंपनीची, वाढवायची काकूने, असा करार होता. एवढी मेली की तो येऊन कारण लिहून घ्यायचा. पंचविशीचा मुलगा होता. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून शेडमध्ये शिरला, दिवे मोजले, थर्मामीटर बघितला.

"आजार नाही," तो म्हणाला. "गुदमरली आहेत. दिवे किती वेळ बंद होते?"

"वीज गेली होती," काकू म्हणाली.

"कुठे गेली?" खड्ड्याकडून गिरणीवाला म्हणाला. तो मदत करायलाच बोलला. "माझी गिरणी साडेसातपर्यंत चालू होती की."

काकूने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या लक्षात आलं आणि तो कुदळीचं पातं बोटाने पुसू लागला.

कंपनीच्या माणसाने थोरलीकडे मान वळवली. "संध्याकाळी शेडवर कोण होतं? हीच ना? छावणीतली?"

थोरलीने हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"मी होतो," आबा म्हणाले. ते दाराबाहेर स्टुलावर बसले होते. "मोटर बंद करायला आलो. हात चुकला, दिव्यांचं बटण दाबलं गेलं. अंधारात पाय अडकला, पडलो. उठता येईना." त्यांनी बाही वर केली. कोपर काळंनिळं झालं होतं, वांग्याएवढं.

"आणि ही?"

"घरात होती. स्वयंपाक करत होती."

गिरणीवाला हसला. "आबा, कोणाला सांगताय? तुमचा हात? अहो, डोळे बांधून..."

"तेव्हा साठीत होतो."

"चारच वर्षं झाली त्याला!"

कंपनीचा माणूस दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मग तो बोर्डापाशी गेला. "आजोबा," तो मोठ्याने म्हणाला, बहिऱ्याशी बोलावं तसं, "इकडे या. हे बटण कशाचं?"

आबा उठून बोर्डासमोर उभे राहिले. डावीकडून चौथं. पंख्याचं. त्यांनी स्वतः बसवलेलं. थोरलीला ठाऊक होतं, काकूला ठाऊक होतं, गिरणीवाल्याने कुदळ टेकवून मान पुढे काढली होती, तो ओठ हलवून सांगतही होता. आबा चष्मा वर करून बघत राहिले. मग चष्मा खाली करून बघितलं.

"मोटरचं," ते म्हणाले.

"नक्की?"

"थांब. नाही. दिव्यांचं असेल."

"आणि हे?"

"हे... मधलं का? हे..." त्यांनी बोट पुढे केलं, मागे घेतलं. "नावं लिहायला पाहिजे होती," ते म्हणाले.

गिरणीवाल्याने मान खाली घातली आणि तो खड्ड्याकडे परत गेला. खणायचं काही उरलं नव्हतं, तरी त्याने चार घाव घातले.

कंपनीच्या माणसाने कागदावर लिहिलं. मग काकूला बाजूला घेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तो म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी हजारच पिल्लं मिळतील. आणि आजोबांना आत सोडायचं नाही. बोर्डाला पेटी करून कुलूप लावा. किल्ली त्या मुलीकडे राहू द्या. म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार आपण."

"हो," काकू म्हणाली.

तो गेल्यावर थोरली काकूच्या मागे खड्ड्यापर्यंत गेली. "काकू, काल मी..."

"चुना टाक आधी."

तिने चुना टाकला. पांढरा थर पिवळ्या पिसांवर बसला.

"काकू, ऐका. त्यांचा हात नाही. मी..."

"मला सांगू नकोस," काकू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. फावड्यावरची पकड मात्र घट्ट झाली होती. "गुरुवारी ती बाई मला विचारेल. मला खोटं बोलता येत नाही. आज बोलले तर पाच मिनिटांत गिरणीवाल्याने पकडलं. जे मला माहीत नाही ते मला बोलावं लागणार नाही. कळलं?"

"पण तुम्हाला माहीत आहे."

"माती लोट," काकू म्हणाली. मग तिने फावडं टेकलं. "तीनशे सदतीस. आठ दिवस रात्रीचं उठून पाणी बदललंय मी त्यांचं. लोट म्हटलं ना."

*

गुरुवारी नोंदणीवाली बाई ओसरीवर बसली. थंडी ओसरायला लागली होती. काकूने चहा दिला. बाईने खोली बघितली, खाट मोजली, धाकटीची वही उघडून बघितली.

"नुकसान झालं म्हणे तुमच्याकडे?"

आबा तिथेच होते, भिंतीला टेकून. त्यांच्यासमोर मोटर उघडलेली होती आणि तांब्याची तार ते बोटावर गुंडाळत होते.

"सासऱ्यांच्या हातून झालं," काकू म्हणाली. तिने चहाच्या कपाकडे बघत सांगितलं. "वय झालंय. त्यांना आता उमजत नाही."

तार गुंडाळणारं बोट थांबलं नाही.

"होतं असं," बाई म्हणाली. "माझ्या वडिलांचंही तसंच झालं. लक्ष ठेवावं लागतं." मग ती थोरलीकडे वळली. "तू असतेस ना घरी? लक्ष ठेवतेस यांच्यावर?"

थोरलीने आबांकडे बघितलं. आबा तारेकडे बघत होते.

"हो," ती म्हणाली.

बाईने कागद पुढे केला. काकूने सही केली.

संध्याकाळी थोरली आबांसमोर जाऊन उभी राहिली. ते मान वर करेपर्यंत थांबली.

"मी सांगते सगळ्यांना. सही झाली आता."

"सही सहा महिन्यांची आहे."

"मग सहा महिन्यांनी सांगते."

"तेव्हा पुढची असेल," आबा म्हणाले. "पक्कड दे ती."

*

बोर्डाच्या पेटीला कुलूप लागलं. किल्ली दोऱ्यात ओवून थोरलीच्या गळ्यात गेली. आबांचं शेडमध्ये जाणं बंद झालं. रोज सकाळी ते स्टूल घेऊन शेडच्या जाळीबाहेर बसत आणि आत बघत. नवी हजार पिल्लं आली. "किती?" ते जाळीतून विचारायचे.

"बत्तीस."

"आणि पिल्लं?"

"तीसुद्धा बत्तीस."

तुकडी पंधरा दिवसांची झाली तेव्हा ते म्हणाले, "पेटी उघड. मेन खाली कर. आज वायरिंग बदलायचंय."

"कोण बदलणार?"

"माझे हात तर चुकतात," आबा म्हणाले. "तुझे जरा स्थिर आहेत."

त्यांनी बाहेरून सांगितलं, तिने आतून केलं. तार किती सोलायची. पिळायची कोणत्या बाजूने. स्क्रू आवळताना कुठे थांबायचं. दिव्यांचं बटण दाराजवळून काढून मागच्या खांबावर, हात वर केल्याशिवाय पोहोचणार नाही इतकं उंच बसवलं. का, ते आबांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. जाळीतून त्यांना सगळं नीट दिसत नव्हतं. मग ते जाळीला नाक लावून बघायचे. दुपारी त्यांच्या नाकावर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे. धाकटी म्हणाली, "आबा, तुमच्या नाकाची वही झाली."

बटणांवर थोरलीने पट्ट्या चिकटवल्या आणि इथल्या लिपीत नावं लिहिली. आबांनी बाहेरून वाचली. "‘पंखा’तला प मोठा झालाय," ते म्हणाले.

वस्तीत गोष्ट पसरली होती. आबा दिसले की माणसं हळू आणि मोठ्याने बोलायची. दुकानदार सुटे पैसे त्यांच्या तळहातावर ठेवून वर मूठ मिटून द्यायचा. चौथ्या घरातल्या बाईने मिक्सर दुरुस्तीला दिला होता, तो तिने "असू दे, घाई नाही" म्हणत उघडलेलाच परत नेला. एकदा विहिरीवरची मोटर जळाली. माणसं आबांच्या ओसरीसमोरून स्टँडकडे गेली आणि दोन तासांनी शहरातला वायरमन स्कूटरवर घेऊन आली. आबा टेस्टर खिशात घालून उठून उभे राहिले होते. स्कूटर पुढे गेली. ते थोडा वेळ उभेच राहिले, मग खिशातून टेस्टर काढून फुंकर मारून पुसला, पुन्हा ठेवला.

गिरणीवाला डोळे बांधल्याची गोष्ट आता कोणाला सांगत नव्हता.

*

उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी गिरणीवाल्याने धाकटीच्या हाती निरोप पाठवला. गिरणीची मोटर घोंघावते आहे, पट्टा फिरत नाही. थोरलीला बोलाव.

थोरली गेली. गिरणीत पिठाचा थर सगळ्यावर बसला होता, गिरणीवाल्याच्या पापण्यांवरसुद्धा. तिने मेन खाली केला, झाकण काढलं, वास घेतला. कंडेन्सर फुगला होता. आबांच्या डब्यात तसाच एक असल्याचं तिने सकाळीच पाहिलं होतं. तिने आणून बसवला. पट्टा फिरला.

"अगं बापरे," गिरणीवाला म्हणाला. "शहरातला असता तर आधी चहा प्यायला असता, मग डोकं खाजवलं असतं. कुठे शिकलीस?"

"घरी."

गिरणीवाला पट्ट्याकडे बघत राहिला. मग त्याने आवाज खाली आणला. "एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या वेळीही तूच ये. आबांना आणू नकोस हं. माझा गुरूच तो माणूस. पण मोटर आहे, एखाद्या वेळी हात चुकला तर जिवावर बेतेल. मला बघवत नाही गं त्यांच्याकडे."

थोरलीच्या हातात पाना होता. पट्टा जोरात फिरत होता, पीठ उडत होतं. गळ्यातली किल्ली तिने मुठीत धरली. बोलायचं वाक्य तयार होतं. इथल्या भाषेत तिने ते बऱ्याच दिवसांपासून तयार ठेवलं होतं, चार शब्दांचं. शाळेच्या बाजूने ट्रिंग ट्रिंग असा आवाज येत होता. घंटी कोणी दिली नव्हतीच अजून.

"हो," ती म्हणाली. "मीच येईन."

घरी आली तेव्हा आबा ओसरीवर बसले होते. तिने डबा जागेवर ठेवला, हात धुतले आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"काय होतं?"

"कंडेन्सर."

"फुगला होता?"

"हो. वास आला."

"वास आला म्हणजे बरोबर." ते थोडं सरकले. ती बाजूला बसली. शेडमध्ये पिल्लं संथ आवाज करत होती, पोट भरल्यावर करतात तसा. आबांनी टेस्टर खिशातून काढला, बोटांत फिरवला.

"माझं काही म्हणत होता का?"

"हो, आबा," थोरली म्हणाली. तिने आजवर त्यांना ही हाक मारली नव्हती. "म्हणत होता, आबा का नाही आले? म्हणत होता, डोळे बांधून अकराच्या अकरा बटणं ओळखणारा माणूस. म्हणाला, पुढच्या वेळी आबांनाच घेऊन ये."

आबांनी टेस्टर खिशात ठेवला.

"तुलाही तुझ्या काकूसारखंच," ते म्हणाले. "खोटं बोलता येत नाही."

तिने मान खाली घातली. नखांत पीठ आणि ग्रीस अडकलं होतं. ऊन ओसरीच्या कडेवर आलं होतं.

"पुन्हा सांग," आबा म्हणाले.

तिने पुन्हा सांगितलं.